बिघडत्या प्रश्नांचे इंग्रजी वर्णन आणि मराठी विचार : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एखादा सामाजिक, आर्थिक वा पर्यावरणीय प्रश्न दिवसेंदिवस बिघडत चालला आहे, हे सांगण्यासाठी आज मराठी लेखनात इंग्रजी वाक्प्रयोग किंवा त्यांची शब्दशः भाषांतरे सर्रास योजली जातात. ‘स्नोबॉल इफेक्ट’, ‘दुष्टचक्र’, ‘लोकसंख्येचा स्फोट’, ‘मंकी फीव्हर’, ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. असा प्रत्येक वाक्प्रयोग आपल्यासोबत प्रश्नाच्या कारणाविषयी आणि उपायाविषयी एक न बोललेले गृहीतक घेऊन येतो. हे गृहीतक स्थानिक वस्तुस्थितीशी जुळते की नाही, याची तपासणी झाली नाही तर प्रश्नाचे निदान चुकते. प्रस्तुत लेखात बांदा परिसर व सिंधुदुर्ग जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे ही तपासणी कशी करता येईल, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वाक्प्रयोग, रूपक, चक्रवाढ, दुष्टचक्र, विकोप, उपद्रव, सिंधुदुर्ग.

प्रस्तावना

सावंतवाडी तालुक्यातील बांदा हे तेरेखोल नदीकाठचे बाजारपेठेचे गाव महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांच्या सीमेवर वसले आहे. घरात मालवणी, शाळेत व कचेरीत मराठी, सीमेपलीकडे कोकणी, आणि महामार्गावरील पाट्यांपासून शासकीय अहवालांपर्यंत इंग्रजी, अशा अनेक भाषांचा वावर या परिसरात सहजपणे चालतो. भाषांची अशी देवघेव नवी नाही व ती आक्षेपार्हही नाही. मराठीने फारसी, पोर्तुगीज, कानडी आणि इंग्रजी शब्द पचवूनच आपले आजचे रूप मिळवले आहे. त्यामुळे येथे भाषाशुद्धीचा आग्रह धरण्याचा हेतू नाही.

प्रश्न निराळा आहे. वस्तूचे नाव उसने घेतल्याने फारसे काही बिघडत नाही. ‘टेबल’ किंवा ‘पगार’ हा शब्द परका असला तरी टेबल टेबलच राहते आणि पगार पगारच. परंतु एखाद्या प्रश्नाच्या बिघडण्याचे वर्णन उसने घेतले, तर त्या वर्णनात दडलेले कार्यकारणाचे चित्रही आपण उसने घेतो. ते चित्र ज्या देशात, ज्या अनुभवातून तयार झाले, तेथील परिस्थिती आपल्याकडे असेलच असे नाही. महाविद्यालयीन प्रकल्प अहवाल, शोधनिबंध आणि परीक्षेतील उत्तरे यांत असे वाक्प्रयोग निष्कर्षाच्या जागी येऊन बसतात. वाक्य पूर्ण झाले म्हणजे विचारही पूर्ण झाला, असा आभास त्यामुळे निर्माण होतो. म्हणून हा विषय केवळ भाषेच्या प्राध्यापकांचा न राहता अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि विज्ञान या सर्वच शाखांच्या अध्यापकांचा ठरतो.

तपासणीचे चार प्रश्न

बिघाडाचे वर्णन करणारा कोणताही वाक्प्रयोग समोर आला असता त्याला चार प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न, या वर्णनानुसार नेमके वाढते काय? दुसरा, ही वाढ कशामुळे होते : बाहेरच्या रेट्यामुळे की स्वतःच्याच गतीमुळे? तिसरा, ती थांबवता येते का, आणि येत असेल तर कोणत्या टप्प्यावर? चौथा, या चित्रात जबाबदार कोण आहे? यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. कारण बहुतेक वाक्प्रयोग प्रश्नाचा वेग ठळकपणे दाखवतात, परंतु त्याचा कर्ता मात्र दृष्टीआड करतात. पुढील पाच उदाहरणे याच चार प्रश्नांच्या आधारे पाहू.

‘स्नोबॉल इफेक्ट’, चक्रवाढ आणि दामदुपट

बर्फाच्छादित उतारावरून घरंगळणारा छोटा गोळा वाटेतील बर्फ स्वतःला चिकटवून घेत मोठा होत जातो, हे या वाक्प्रयोगामागील चित्र होय. वाढ ही पूर्वीच्या वाढीवर अवलंबून असते, हा त्यातील मूळ विचार आहे आणि तो मोलाचा आहे. मात्र कोकणात बर्फ पडत नाही. येथील विद्यार्थी हे चित्र केवळ पाठ करतो. ते त्याच्या अनुभवातून आलेले नसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या चित्रात गोळा आपोआप घरंगळतो. त्याला ढकलणारा, उतार निर्माण करणारा किंवा अडवणारा कोणीच त्यात नाही.

कर्जबाजारीपणाचे वर्णन करताना हा वाक्प्रयोग वारंवार वापरला जातो. वस्तुतः ‘वाढीवर वाढ’ ही कल्पना मराठीत ‘चक्रवाढ’ या एकाच शब्दात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. दरमहा शेकडा ३ दराने घेतलेले १०,००० रुपयांचे कर्ज सरळव्याजाने दुप्पट व्हायला ३३ महिन्यांहून अधिक काळ लागतो. तेच चक्रवाढीने २४ महिन्यांत २०,००० रुपयांच्या पुढे जाते. हा फरक गणिताचा असला तरी त्यामागे एक निर्णय आहे. व्याजाला मुद्दलात मिळवायचे की नाही, हे माणसे ठरवतात. ‘चक्रवाढ’ हा शब्द उच्चारताच व्याज आकारणारा आणि ते देणारा असे दोघे डोळ्यांसमोर उभे राहतात. बर्फाच्या गोळ्यात ते दिसत नाहीत.

मराठी व्यवहारभाषेत या वाढीला आळा घालणारा शब्दही आहे. ‘दामदुपट’ या हिंदू धर्मशास्त्रातील नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू शकत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा नियम मान्य केला होता आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही हे तत्त्व आढळते. ज्या समाजाकडे वाढीचा शब्द आहे आणि त्या वाढीच्या मर्यादेचाही शब्द आहे, त्या समाजाने केवळ न थांबणाऱ्या गोळ्याचे चित्र वापरावे, हे विचारांचे नुकसान होय.

इतिहासाचा दाखला याच दिशेने जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, सारावाढ झाली आणि कर्जाचा बोजा असह्य झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यांना सुरुवात झाली. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते मिळवून नष्ट करण्यात आले. चौकशीनंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळपासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. गोळा किती मोठा झाला, एवढ्यावर न थांबता तो कोणी, केव्हा आणि कसा ढकलला, हे विचारण्याची ही तरतूद होती.

कोकणच्या अनुभवातील दुसरे एक चित्र येथे सुचवता येईल. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधाला लहानसे भगदाड पडले की त्यातून शिरणारे भरतीचे पाणीच ते भगदाड रुंदावत नेते. येथेही वाढ ही आधीच्या वाढीमुळेच होते. म्हणजे स्नोबॉलमागील तत्त्व अबाधित राहते. परंतु येथे बांध कोणाचा, तो वेळेवर कोणी बुजवायचा होता आणि भरतीपूर्वी किती अवधी होता, हे प्रश्न चित्रातच अंतर्भूत आहेत.

‘व्हिशस सर्कल’ आणि दुष्टचक्र

‘दुष्टचक्र’ हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की तो भाषांतरित आहे, याचाही विसर पडावा. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणाऱ्या युक्तिवादाला हे नाव होते. भारतीय न्यायशास्त्रातही ‘अन्योन्याश्रय’ आणि ‘चक्रक’ हे दोष सांगितले आहेत. अर्थशास्त्रात राग्नार नर्क्स यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भांडवलनिर्मितीवरील ग्रंथात दारिद्र्याच्या दुष्टचक्राची मांडणी केली आणि ती आपल्या पाठ्यक्रमांत स्थिरावली. उत्पन्न कमी म्हणून बचत कमी, बचत कमी म्हणून गुंतवणूक कमी, गुंतवणूक कमी म्हणून उत्पादकता कमी, आणि म्हणून पुन्हा उत्पन्न कमी, असा हा क्रम होय. पुढे गुन्नार मिर्दाल यांनी संचयी कार्यकारणाची कल्पना मांडून ही गती वरच्या दिशेनेही असू शकते, हे दाखवून दिले.

या मांडणीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तिची मर्यादा अशी की वर्तुळाला आरंभबिंदू नसतो. प्रत्येक दुवा आधीच्या दुव्याकडे बोट दाखवतो आणि अखेरीस कोणताच दुवा उत्तरदायी राहत नाही. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत तर ‘गरीब गरीब आहे म्हणून गरीब आहे’ एवढाच अर्थ उरतो.

मराठी विचारपरंपरेत याहून वेगळी रचना उपलब्ध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी ऱ्हासाची एक साखळी मांडली आहे. विद्येच्या अभावापासून सुरू होऊन मती, नीती, गती आणि वित्त यांच्या नाशापर्यंत ती जाते, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ अविद्येत असल्याचे ती स्पष्टपणे सांगते. ही साखळी आहे, वर्तुळ नाही. तिला पहिली कडी आहे आणि ती कोणी नाकारली, याचाही निर्देश त्या ग्रंथात आहे. त्यामुळे उपायही निश्चित होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ च्या आपल्या निबंधात भारतातील लहान जमीनधारणांच्या प्रश्नाचा विचार करताना हीच पद्धत अवलंबिली. तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, या प्रचलित निदानावर न थांबता शेतीवर पडलेला अतिरिक्त मनुष्यबळाचा भार हे मूळ त्यांनी दाखवले आणि औद्योगिकीकरणाचा उपाय सुचवला. तात्पर्य, ‘दुष्टचक्र’ हा शब्द वापरण्यास हरकत नाही; परंतु तो वापरणाऱ्याने चक्राची कोणती कडी प्रथम तोडता येईल, हे त्याच परिच्छेदात सांगणे आवश्यक मानले पाहिजे.

‘लोकसंख्येचा स्फोट’ आणि रिकामी होणारी घरे

‘पॉप्युलेशन एक्सप्लोजन’ या इंग्रजी वाक्प्रयोगाचे ‘लोकसंख्येचा स्फोट’ हे भाषांतर मराठी पाठ्यपुस्तके व निबंधस्पर्धा यांतून घरोघरी पोहोचले. पॉल एर्लिक यांचे लोकसंख्येला बॉम्बची उपमा देणारे पुस्तक १९६८ मध्ये निघाले आणि या प्रतिमेला जगभर चालना मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण देशाच्या संदर्भात या शब्दाला आधार होता, हे मान्य करावे लागेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र चित्र वेगळे आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ इतकी भरली. म्हणजे दहा वर्षांत ती १९,१७४ ने, सुमारे २.२ टक्क्यांनी, घटली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातही घटच नोंदवली गेली. सिंधुदुर्गात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. कामाधंद्यासाठी पुरुषांनी गाव सोडण्याची येथील जुनी रीत या आकड्यामागे उभी आहे. एकेकाळी कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ म्हटले जाई, ते याच कारणाने.

अशा जिल्ह्यातील वर्गात बसून विद्यार्थी ‘लोकसंख्येचा स्फोट’ या विषयावर निबंध लिहितो, तेव्हा तो आपल्या डोळ्यांसमोरील वास्तवाच्या नेमके उलट लिहीत असतो. त्याच्या वाडीतील घरे गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद असतात. चाकरमानी मुंबईला, तर तरुण मुले-मुली गोव्याकडे जातात. शेती पड राहते. प्राथमिक शाळेचा पट घटतो. बिघाड येथेही आहे आणि तो गंभीर आहे. परंतु त्याचे स्वरूप स्फोटाचे नसून ओसरण्याचे आहे. उसन्या शब्दाने येथे निदान तर चुकवलेच, शिवाय खऱ्या प्रश्नाला नावच मिळू दिले नाही. नाव नसलेला प्रश्न आराखड्यात येत नाही, आणि आराखड्यात नसलेल्या प्रश्नाला निधी मिळत नाही.

राष्ट्रीय पातळीवरही आता हा शब्द जपून वापरावा लागेल. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ नोंदवला गेला आहे. येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल : ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ हे अस्सल देशी रूपक वापरूनही सिंधुदुर्गाचे वर्णन तितकेच चुकले असते. शब्द देशी असला म्हणजे तो आपोआप अचूक होतो, असे नाही.

‘मंकी फीव्हर’ : नावाने दाखवलेला आरोपी

बांदा परिसराला सर्वांत जवळचे उदाहरण ‘मंकी फीव्हर’ किंवा ‘माकडताप’ याचे होय. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे शास्त्रीय नाव असलेला हा विषाणुजन्य रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील तत्कालीन शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राचा त्या शोधात मोठा वाटा होता. अनेक दशके तो त्या भागापुरता मर्यादित राहिला. २०१२ नंतर मात्र त्याचा विस्तार दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि त्यापुढील हंगामात बांदा परिसरात त्याचे रुग्ण आढळले. हा प्रश्न खरोखरच बिघडत गेला.

आता त्याच्या नावाकडे पाहू. नाव माकडाकडे बोट दाखवते. प्रत्यक्षात या रोगाचा विषाणू जंगलातील गोचिडींमार्फत पसरतो. माकडे व वानर हे स्वतःच त्याला बळी पडतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात आणि तेथे वावरणाऱ्या माणसाला चावतात. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. पालापाचोळ्यात गोचिडींची पिल्ले सक्रिय असण्याचा काळ साधारणतः नोव्हेंबर ते मे असा असतो, आणि काजूचा हंगाम याच काळात येतो. काजूबागेत वाकून बोंडे गोळा करणारा मजूर, सरपणासाठी व पातेऱ्यासाठी रानात जाणारी बाई, गुरे चारणारा गुराखी हे या रोगाच्या वाटेवर असतात. गोव्यातील काजू कामगारांच्या संदर्भात या व्यावसायिक धोक्याचा स्वतंत्र अभ्यासही झालेला आहे.

‘माकडताप’ हे नाव ऐकणाऱ्याची दोन प्रकारे दिशाभूल होऊ शकते. माकड दिसले की त्याला हाकलावे वा मारावे, ही एक. आपल्या बागेत माकडे येत नाहीत, तेव्हा आपल्याला धोका नाही, ही दुसरी. दोन्ही समजुतींत पालापाचोळा, उघडे हातपाय आणि गोचीड हे खरे दुवे निसटतात. अंगभर कपडे, हातापायांना गोचीडरोधक तेल, कामावरून आल्यावर गरम पाण्याने स्नान आणि कपडे धुणे, मृत माकड आढळल्यास त्याला हात न लावता तत्काळ आरोग्य किंवा वन विभागाला कळवणे, हे उपाय रोगाच्या यंत्रणेतून निघतात. त्याच्या नावातून ते सुचत नाहीत.

तरीही हे नाव टाकून द्यावे, असे म्हणता येत नाही. कर्नाटकातील गावकऱ्यांनीही आपल्या भाषेत या रोगाला माकडाचेच नाव दिले होते, कारण माकडांचा मृत्यू ही त्यांना दिसलेली पहिली खूण होती. ती खूण आजही सावधगिरीचा इशारा म्हणून उपयोगी पडते. ‘गोचीडताप’ असे नवे नाव सुचवावे, तर गुरांच्या वेगळ्याच आजारासाठी ते आधीपासून रूढ आहे. अशा वेळी नाव बदलण्यापेक्षा नावाचा अर्थ समजावून सांगणे श्रेयस्कर. माकड हा या तापाचा आरोपी नसून पहिला बळी व पहिला साक्षीदार आहे, हे एक वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असले पाहिजे.

‘मानव-वन्यजीव संघर्ष’ आणि उपद्रव

२००२ मध्ये कर्नाटकातील जंगलांतून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. तेव्हापासून माड, पोफळी, केळी आणि भातशेती यांची हानी हा या भागाचा नित्याचा विषय झाला आहे. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती जेरबंद करण्यात आले, तरी प्रश्न मिटला नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील मोर्ले येथे हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ‘ओंकार’ या नावाने ओळखला जाणारा हत्ती गोव्यातील पेडणे तालुक्यात आणि बांदा परिसरात वावरत होता. हत्तीला राज्याची सीमा ठाऊक नसते. नोंदी, भरपाईचे नियम आणि कागदपत्रांची भाषा मात्र सीमेबरोबर बदलते.

या साऱ्याला ‘ह्यूमन-वाइल्डलाइफ कॉन्फ्लिक्ट’ या इंग्रजी संज्ञेवरून ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ असे म्हटले जाते. ‘संघर्ष’ या शब्दात दोन पक्ष असतात आणि दोघांचाही हेतू असतो. एक पक्ष माघार घेईल तेव्हा संघर्ष संपतो, म्हणून उपायही हत्तींना हुसकावणे किंवा पकडणे या दिशेनेच सुचतात. जमिनीचा वापर, जंगलाची सलगता आणि विकासप्रकल्पांची जागा यांविषयी निर्णय घेणारा तिसरा पक्ष या चित्रात येतच नाही. वन्यजीव संवर्धनाच्या अभ्यासकांनीही या इंग्रजी संज्ञेवर असाच आक्षेप घेतला असून ‘सहअस्तित्व’ ही पर्यायी कल्पना पुढे आणली आहे. पीक गमावलेल्या शेतकऱ्याला मात्र हा शब्द उपदेशासारखा वाटण्याचा संभव आहे.

गावातील माणूस ‘हत्तींचा उपद्रव’ असे म्हणतो. रोजच्या वापरात उपद्रव म्हणजे त्रास. परंतु आयुर्वेदात या शब्दाला नेमका अर्थ आहे. मूळ व्याधीच्या पाठोपाठ, तिच्या आश्रयाने उद्भवणारा दुसरा विकार म्हणजे उपद्रव. मूळ व्याधी शमली की तोही बहुधा शमतो. तीव्र असेल तर त्याच्यावर आधी इलाज करावा लागतो. या अर्थाने पाहिले तर शेतकऱ्याचा शब्द अहवालातील शब्दापेक्षा अधिक शास्त्रीय ठरतो. तो तातडीच्या भरपाईचा आणि संरक्षणाचा आग्रह धरतो, आणि त्याच वेळी ‘मग मूळ व्याधी कोणती?’ हा प्रश्नही उभा करतो. तुकड्यातुकड्यांनी खंडित होत गेलेल्या जंगलाचा विचार तेथून सुरू होऊ शकतो.

बिघाडाच्या अवस्था सांगणारी मराठी

बिघाडाचे वर्णन करणारे शब्द मराठीत विपुल आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. जखम चिघळते, म्हणजे दुर्लक्षामुळे आतून बिघडते. वाळवी लागते, म्हणजे बाहेरून सर्व ठीक दिसत असताना आत पोखरले जाते. परिस्थिती हाताबाहेर जाते, म्हणजे एका टप्प्यापर्यंत ती हातात होती. माणूस आगीतून फुफाट्यात पडतो, म्हणजे सुटकेच्या प्रयत्नानेच संकट वाढते. प्रकरण विकोपाला जाते, तेव्हा कोप पावण्याची क्रिया टोकाला पोहोचलेली असते.

‘विकोप’ आणि ‘प्रकोप’ हे दोन्ही शब्द ‘कुप्’ या एकाच धातूपासून आले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दोषांच्या बिघाडाच्या सहा अवस्था सांगितल्या आहेत : संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. त्यांना ‘क्रियाकाल’ म्हटले आहे. म्हणजे प्रत्येक अवस्था ही केवळ बिघाडाची पायरी नसून उपाययोजनेची वेळही आहे. जितक्या लवकरच्या अवस्थेत उपाय होईल तितका तो सोपा. या वर्गीकरणाचे वैद्यकीय मूल्यमापन हा येथील विषय नाही. विचाराची रीत म्हणून मात्र ते लक्षणीय आहे, कारण त्यात बिघाडाचा वेग आणि हस्तक्षेपाची संधी एकाच शब्दात बांधलेली आहे. इंग्रजीतून आलेला ‘टिपिंग पॉइंट’ हा शब्द उंबरठा ओलांडल्याची भीती दाखवतो. ‘क्रियाकाल’ हा उंबरठ्याच्या अलीकडे असलेल्या संधींची मोजदाद करतो.

अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

१. विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात बिघाड सूचित करणारा उसना वाक्प्रयोग आढळल्यास तो खोडू नये. त्याच्याच शेजारी पूर्वोक्त चार प्रश्नांची उत्तरे लिहावयास सांगावीत.

२. क्षेत्रभेटीत लोकांनी प्रश्नासाठी वापरलेला शब्द मूळ रूपात टिपून घ्यावा. भाषांतर नंतर करावे. मालवणीतील शब्दाला प्रमाण मराठीत वा इंग्रजीत आणताना काय गळते, याची नोंद हीच एक संशोधनसामग्री ठरते.

३. राष्ट्रीय किंवा जागतिक प्रश्नाचे नाव स्थानिक क्षेत्राला लावण्यापूर्वी जिल्हा व तालुका पातळीवरील आकडेवारी पाहावी. सिंधुदुर्गाच्या लोकसंख्येचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे.

४. इंग्रजी संज्ञा अपरिहार्य असेल तेथे ती देवनागरीत जशीच्या तशी वापरून तिचे स्पष्टीकरण द्यावे. अर्धवट भाषांतरापेक्षा स्पष्टीकरणासहित उसना शब्द अधिक प्रामाणिक असतो.

निष्कर्ष

इंग्रजी वाक्प्रयोगांनी मराठी ज्ञानव्यवहाराला नव्या कल्पना दिल्या आहेत आणि यापुढेही त्या मिळत राहतील. वरील पाच उदाहरणांतून एवढेच दिसते की प्रत्येक वाक्प्रयोग एक छोटा सिद्धान्त असतो, आणि सिद्धान्ताप्रमाणेच तो पुराव्यावर घासून पाहावा लागतो. ‘स्नोबॉल’ने सावकार दिसेनासा झाला, ‘दुष्टचक्रा’ने आरंभ हरवला, ‘स्फोटा’ने ओसरणारी गावे झाकली, ‘मंकी फीव्हर’ने गोचीड लपवली आणि ‘संघर्षा’ने तिसरा पक्ष वगळला. पाचही ठिकाणी नुकसान भाषेपुरते राहिले नाही. कर्जदार, मजूर, काजू वेचणारी बाई आणि शेतकरी यांच्यापर्यंत ते पोहोचले.

ग्रामसभेत मांडला जाणारा प्रश्न गावाला कळणाऱ्या शब्दांत असेल, तरच गाव त्यावर वाद घालू शकते. आणि ज्यावर वाद घालता येतो त्यावरच निर्णय होऊ शकतो. सीमावर्ती, बहुभाषिक परिसरातील महाविद्यालयांना या कामी विशेष संधी आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात, बाजारात आणि वर्गात वावरणाऱ्या शब्दांची परस्परांशी गाठ घालून देणे, हे काम त्यांच्याइतके जवळून दुसरे कोणी करू शकणार नाही.